अपत्य : नाही

माझ्या आईनं १९५७ साली बंगळूरच्या एका दवाखान्याच्या अर्जावर लिहून दिलं, की तिला मूल नाही. तेव्हा मी चार वर्षांची होते आणि तिच्या शेजारी बसून शेंगा खात होते.

तिचं नाव शालन. आम्ही निपाणीचे. माझे वडील, गुंडू, तंबाखूच्या वखारीत हमाल होते. ते विषमज्वरानं गेले तेव्हा आई एकवीस वर्षांची होती, मी दीड वर्षाची. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सासरच्यांनी तिचं गाठोडं दारात ठेवलं. मुलगा असता तर ठेवून घेतला असता, म्हणाले. पोरगी घेऊन जा. आई मला घेऊन तिच्या आईकडं, ठकुबाईकडं आली. आजी विड्या वळायची. भाकरीला, अंथरुणाला, माझ्या केसांनासुद्धा तंबाखूचा वास यायचा, आणि आजीचा खोकला कोंबड्याच्या आधी सुरू व्हायचा.

वडील शेवटी दवाखान्यात पडून होते, तेव्हा तिथला कंपाउंडर मागूनही पाणी देत नव्हता. एका नर्सबाईनं त्याला सगळ्यांदेखत झाडलं. तो बाप्या मान खाली घालून पाणी घेऊन आला. आईच्या डोक्यात ते पक्कं बसलं. आपणही तसलं व्हायचं, आजीला विड्यांवरनं उठवायचं आणि मला शाळेत घालायचं.

छप्पन्न साली आमचं निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. गावात मोर्चे निघाले, लोक तुरुंगात गेले. आईनं चौकशी केली ती वेगळीच: आता बंगळूरच्या दवाखान्यात आपल्याला शिकायला घेतील का? घेत होते. सातवी पास बाईला नर्स आणि सुईण होण्याचा दोन वर्षांचा कोर्स, राहणं-जेवण फुकट, वर थोडं विद्यावेतन. बाई अविवाहित हवी. विधवा चालेल, पण मूल नको.

"पोरगी समोर बसलीया, आणि असलं लिहितीस?" आजी म्हणाली.

"खरं लिहिलं तर तिला खायला काय घालू? नियम करणाऱ्यांना विचार जा."

जाताना तिनं मला बजावलं, की कुणी विचारलं तर मला शालनक्का म्हणायचं. आई म्हणायचं नाही. मी ते फार चांगलं शिकले.

वसतिगृहाच्या वॉर्डनबाई आलेलं प्रत्येक पत्र फोडायच्या. मराठी पत्र आलं की अनुसूया नावाच्या जुन्या नर्सला वाचून कानडीत सांगायला लावायच्या. अनुसूयाचं घराणं पिढ्यानपिढ्या बंगळुरातलं. घरात मराठी बोलायचे, पण निम्मी कानडीत भिजलेली. पत्रं अशी वाचली जातात म्हटल्यावर पत्रातून माझं नाव गेलं आणि मी वासरू झाले. वासरू खातंय का? वासरू रात्रीचं रडतंय का? आई पत्रातून विचारायची, आजी उत्तर सांगायची आणि शेजारचे नरसिंहराव मास्तर लिहून द्यायचे. मी तिथंच उभी असायचे. वासरू म्हणजे आपण, हे मला दुसऱ्याच पत्राला कळलं होतं. पाच वर्षांच्या पोरीला संताप येत नाही असं कुणी म्हणू नये. मी मास्तरांची दौत दोनदा लवंडली.

अठ्ठावन्नच्या थंडीत मला गोवर आला. आजीनं लिहायला लावलं: "वासराला गोवर आलाय. कान फुटलाय. सारखं आई आई करतंय."

अनुसूया ते वॉर्डनसमोर वाचत होती. पत्राची घडी घालून ती कानडीत म्हणाली, "त्यांचं जनावर आजारी आहे." मग आईला धोब्याच्या खोलीमागं गाठून तिनं विचारलं, "कुठल्या वासराला गोवर येतो ग? घरी स्वल्प विचार करून लिहायला सांग. माझ्या जागी दुसरी असती तर?"

आई सरळ दवाखान्याच्या मुख्य नर्सकडं, मेट्रनबाईंकडं रजा मागायला गेली.

"वासरासाठी रजा?" मेट्रनबाई म्हणाल्या. "इथं बाळंतिणी तळमळताहेत आणि तुला गुरांची पडलीय. असल्या गावंढळ बायका घेऊच नयेत."

आईनं खाली मान घालून पुन्हा मागितली. तिसऱ्यांदाही मागितली. मेट्रनबाई हसल्या. तेव्हा आईनं मोडक्यातोडक्या कानडीत सांगितलं, "ते वासरू नाही. ती माझी मुलगी आहे. साडेपाच वर्षांची आहे. नयना नाव आहे तिचं."

त्या इमारतीत माझं नाव पहिल्यांदा घेतलं गेलं, आणि त्याच संध्याकाळी आईची ट्रंक फाटकाबाहेर आली. परीक्षेला चार महिने उरले होते.

ती निपाणीला पोचली तोवर माझा ताप उतरला होता. उजवा कान मात्र कायमचा गेला होता. कानात कोमट तेल का घातलंस, दवाखान्यात का नेलं नाहीस, म्हणून ती आजीशी भांडली. पत्राऐवजी तार का केली नाही, म्हणून मास्तरांशी भांडली. मग मला जवळ घ्यायला आली. मी तिच्या मनगटाला कडकडून चावले. तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग दोघीही रडलो, वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून.

गल्लीतल्या बायका म्हणाल्या, झालं ते झालं, आता गप विड्या वळ. तीन आठवडे ती वळत बसली. एका सकाळी तिनं विड्यांचं सूप भिंतीवर फेकलं.

"मी जातो परत," ती आजीला म्हणाली. आमच्याकडं बायकाही असंच बोलतात.

"तिथं उभं कोण करणार तुला?"

"उभं न करायला त्यांच्या बापाचं काय खाल्लंय मी?"

दवाखान्याच्या कचेरीबाहेरच्या बाकावर ती अकरा दिवस बसली. कारकून हाकलायचा, ती उठून दारापर्यंत जायची आणि परत येऊन बसायची. बाराव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तिला आत घेतलं आणि नियम म्हणजे नियम, असं सांगितलं.

"नियम दाखवा," आई म्हणाली. "छापलेला. मूल झालेल्या बाईला बाळंतपण करता येत नाही, असं कुठं लिहिलंय?"

डॉक्टर चिडले. पण पुस्तक मागवलं गेलं. सरकारी नियमात वय होतं, शिक्षण होतं. मुलाचा शब्दही नव्हता. ती अट वसतिगृहानं आपल्या सोयीसाठी घातलेली. कुणाच्या तरी सोयीसाठी मी दीड वर्ष वासरू होते. हे लिहितानाही माझे दात आवळले जातात.

त्यांनी तिला परत घेतलं ते असं: वसतिगृह नाही, जेवण नाही, आणि पुन्हा पहिल्या वर्षापासून. माफी कुणीच मागितली नाही. आईनं सही केली.

अनुसूया तिला आपल्या घरी घेऊन गेली. सकाळचा स्वयंपाक आई करायची, मग चालत दवाखान्यात. कानडीतली औषधांची नावं ती चुलीपुढं घोकायची. मेट्रनबाई त्याच होत्या, आणि घाण धुण्याचं काम रोज आईच्याच वाट्याला यायचं. एकदा अनुसूया म्हणाली, "शालन, राग थोडा बाजूला ठेव ग. आजारी पडशील."

"ठेवला तर उभी कशावर राहू, अनुसूयक्का?"

एकसष्ट साली ती पास झाली. यशवंतपुरातल्या एका प्रसूतिगृहात नोकरी लागली, मागं एक खोली मिळाली. ती आम्हाला न्यायला आली तेव्हा मी आठ वर्षांची होते. गाडीत मी आजीच्या बाजूला बसले.

त्या खोलीत आम्ही तीन बायका होतो आणि तिघीही रागावलेल्या. आजीला कानडी येत नव्हती. "मला इथं आणून मुकी केलीस," ती म्हणायची. पण तिचा खोकला वर्षाभरात निम्मा झाला. मी शाळेत जायला लागले. आई पांढऱ्या साडीत प्रसूतिगृहात फिरायची तेव्हा वॉर्डबॉय तिच्या वाटेतून बाजूला व्हायचे. मी खिडकीतून ते बघायचे आणि मला अभिमान वाटायचा. तो मी तिला कधी कळू दिला नाही. मी तिला शालनक्काच म्हणायचे. आता आई म्हण, असं तिनं पहिल्या वर्षी सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

तेरा वर्षांची असताना मी तिला एकदा तोंडावर विचारलं. "मूल नाही म्हणून लिहिताना तुझा हात थांबला नाही?"

ती तांदूळ निवडत होती. "नाही," ती म्हणाली. "हात थांबला असता तर तू आज विड्या वळत बसली असतीस. माझ्यावर राग धर. धरायचाच असेल तर पोटभर जेवून धर."

"मी तिथंच बसले होते."

"ठाऊक आहे मला. शेंगा खात होतीस. टरफलं मीच झाडली."

मला आणखी भांडायचं होतं, पण तेवढ्यात प्रसूतिगृहातून बोलावणं आलं. ताट माझ्याकडं सरकवून ती चपला घालून निघाली. पाठमोरी असतानाच म्हणाली, "खडे नीट बघ. मागच्या वेळी आजीच्या दाताखाली आला होता."

मी तांदूळ निवडले. रागारागानं, पण नीट निवडले.