दारव्ह्यापर्यंत पुरणारी बॅटरी

सायकलला मोटर बसवून घ्यायला कुणी पुंडलिकभाऊंच्या दुकानात आलं, की ते सायकलीकडे ढुंकूनही बघत नसत. हातातला पाना खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "घरात कापूस भरता काय?" दुकान दारव्ह्यात, आणि मी तिथल्याच एका वाचनालयात नोकरीला. गुडघे कुरकुरायला लागले होते आणि घरापासून वाचनालयापर्यंतचा चढ दरवर्षी वाढतोय, अशी माझी खात्री होत चालली होती. म्हणून मी गेले, तर मलाही तोच प्रश्न. मी म्हटलं, "भाऊ, आम्ही पगारी माणसं. आमच्या घरात वातीपुरता कापूस." त्यांना हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, "वातीचा कुठी ठेवता?"

आमच्याकडे कापूस वेचून झाला की बाजारात जायच्या आधी घरात येतो. भाव बरा मिळेपर्यंत समोरच्या खोलीत पार आढ्यापर्यंत रचलेला असतो. मुलं त्यावर उड्या मारतात, पाहुण्याला त्यातच टेकायला जागा करून देतात. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. म्हणून भाऊंचा प्रश्न ऐकून गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघत. भाऊंचं एवढ्यावर भागत नसे. ते स्वतः घरी येऊन प्लग कुठे आहे, बाजूला काय ठेवतात, रात्री कोण कुठे झोपतं, सगळं बघून जात. माझ्याकडे आले तेव्हा देवघरातली वातींची डबीसुद्धा उघडून पाहिली. मी शेजारणींना हा किस्सा रंगवून सांगत असे. नंतर सांगायचा बंद केला.

मोटरीचा निर्णय मात्र ते चहा संपायच्या आत घेत. तुमचं वजन, वाटेतला चढ, मागे कुणी बसतं का, एवढं विचारलं की झालं. एकदा एका तरुणाने हजार वॅटची मोटर मागितली. भाऊ म्हणाले, "तुले सायकल पाह्यजे का उडाचं इमान? इमान पाह्यजे तं नागपूरले जाय." मोटरीत ते चुकतही असत. माझ्या सायकलच्या पुढच्या चाकात मोटर बसवली आणि पावसाळ्यात काळ्या चिखलात ते चाक असं घसरलं, की मी वाचनालयाच्या रजिस्टरांसकट आडवी झाले. मी तणतणत दुकानात गेले. भाऊंनी मुकाट्याने मोटर मागच्या चाकात बसवून दिली आणि वर म्हणाले, "चूक चिखलाची हाये, मॅडम." पण बॅटरीची गोष्ट निघाली की हा माणूस बदलायचा. "मोटर चुकली तं मानूस सायकल ढकलत घरी येते. बॅटरी चुकली तं..." एवढं बोलून ते पाना उचलत. ते वाक्य पुरं झालेलं मी कधी ऐकलं नाही.

एका बाजाराच्या दिवशी मी दुकानात बसले असताना एक बाई आत आली. पन्नाशीची, उंच, डोक्यावर पदर. तिने पाण्याचा पेला दोन्ही तळव्यांत धरून तोंडाला लावला, तेव्हा तिच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. कातडी ताणून चकचकीत झालेली, बोटं अर्धी मिटलेली. पुंडलिकभाऊ म्हणाले, "हे माह्यी बहीन, सुमन," आणि चहा सांगून येतो म्हणून बाहेर पडले. चहा आला. भाऊ आले नाहीत.

"दादा आता येत नाई," सुमनताई म्हणाली. "मी आली का त्याले बाहेर काम निघते." मी न विचारताच तिने सगळं सांगितलं, स्वतःचं नव्हे, कुणा दुसरीचं सांगावं तसं. भाऊंनी आयुष्यभर विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केल्या. मग बॅटरीच्या सायकलींचा नाद लागला आणि पहिली सायकल त्यांनी हौसेने बहिणीच्या नवऱ्याला करून दिली. स्वस्तातली बॅटरी स्वतःच जोडली. समोरच्या खोलीत प्लगही स्वतःच लावून दिला. "तवा उन्हाळा होता. खोली रिकामी होती. दिवाळीले कापूस आला. आमच्या यायनं सवयीनं त्याच प्लगले सायकल लावली अन् मंग जेवून मागच्या खोलीत झोपले." धुराने तिला जाग आली. नवरा आणि सासू आत, बाहेरची वाट समोरच्या खोलीतून. पेटलेली सायकल तिने हँडलला धरून अंगणात ओढत नेली. माणसं वाचली. कापूस गेला, खोली गेली आणि हातांचं हे असं झालं.

"दादा म्हंते, मले मालूम होतं तुह्या घरी कापूस भरते, मी त्याच खोलीत जेवलो हावो, तरी मी इचारलं नाई." ती पुढे म्हणाली, "तवापासून थो माह्या घरी आला नाई. माह्या हाताकडं पाहत नाई. समोर बसला तरी भिताडाशी बोलते." वातींच्या डबीवरून आपण किती हसलो होतो, हे आठवून मला मान वर करवेना.

सुमनताईचं काम वेगळंच होतं. नवरा दिवसभर जीप चालवायचा, शेत तिच्या एकटीच्या अंगावर. शेत लांब, पाय थकलेले. तिला मोटरची सायकल हवी होती आणि ती भावाच्याच हातची हवी होती. भाऊ परत आल्यावर तिने पुन्हा विषय काढला. भाऊ भिंतीवरच्या टायरांकडे बघत म्हणाले, "मी रोज ऑटो लावून देतो तुले. जिंदगीभर. पन सायकल मांगू नोको."

"ऑटो वावरात येते काय?"

"मंग दुसऱ्या कोनाकडून करून घे. यवतमाळले लय जन हायेत."

"काहून? माहा भाऊ मेला काय?"

भाऊ म्हणाले, "सुमे, माह्यानं होत नाई. मी त्या दिवसापासून सोताले..." सुमनताईने पेला खाली ठेवला. आवाज अजिबात न चढवता ती म्हणाली, "शिक्षा तू सोताले देल्ली, अन् पायी मी चालू काय?"

भाऊंनी टेबलाखालून टेप काढला आणि तिच्या उंचीचं माप घेतलं. हाताचं माप घ्यायची वेळ आली तेव्हा टेप माझ्याकडे दिला.

त्या सायकलीइतका जीव त्यांनी कशातच घातला नसेल. एके दुपारी बघते तर भाऊंनी स्वतःची बोटं चिकटपट्टीने अर्धी मिटलेली बांधून घेतली होती आणि तशा हातांनी ब्रेक दाबून बघत होते. मूठ पिळून वेग वाढवायची सोय तिच्या कामाची नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. मग अंगठ्याने ढकलायचा खटका आणला. मोटर लहान, अडीचशे वॅटची, मागच्या चाकात. बॅटरी फॉस्फेटची, जड आणि महाग, पण सहसा पेट न घेणारी. ती काढून घरात न्यायची खिट्टी तिच्या बोटांना उघडेना, म्हणून बॅटरी सायकलीलाच कायमची बसवली. चार्जिंगसाठी अंगणाच्या टोकाला, घरापासून लांब, विटांचा आडोसा बांधायचा असं ठरलं. त्यासाठी भाऊ आगीनंतर पहिल्यांदाच तिच्या गावी गेले. पण अंगणातच थांबले. घरात गेले नाहीत.

भांडण झालं ते बॅटरीच्या आकारावरून. भाऊंनी लहानातली लहान बॅटरी काढून ठेवली होती. "घर ते वावर अन् वावर ते घर. भलतं कायले?" सुमनताई म्हणाली, "मोठी लाव. दारव्ह्यापर्यंत येऊन वापस गेली पाह्यजे." दारव्हा तिच्या गावापासून सात-आठ किलोमीटर. भाऊ वैतागले. "जितकी मोठी बॅटरी तितकी जोखीम, तुले समजत नाई काय? दारव्ह्यात काय काम हाये तुले?"

"तुले भेटाचं काम हाये," ती म्हणाली. "तू तं येत नाईस."

भाऊंनी मोठी बॅटरी लावली. ती सायकलवर बसून गेली, त्या दिवसापासून कितीतरी दिवस ते रोज सकाळी आपली स्कूटर घेऊन तिच्या वाटेवर कुठेतरी झाडाआड उभे राहत. तिला ते कळत होतं. "राहू द्या मॅडम," ती मला म्हणाली, "त्याले बरं वाटते तं राहू द्या." बरं काही वाटत नव्हतं. माणसाचा जीव एकदा असा धास्तावला, की चांगल्या बॅटरीने तो शांत होत नाही. दर बाजाराच्या दिवशी ती दुकानात यायची आणि भाऊ तिच्याऐवजी बॅटरीलाच हात लावून बघायचे, गरम झाली का म्हणून. मी एकदा न राहवून म्हटलं, "भाऊ, तिच्याकडे बघा की जरा." ते म्हणाले, "कोन्त्या तोंडानं पाहू?"

गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेल्यासारखंच झालं. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणलं, पण जेवण जाईना. भाऊंची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, घास घेऊन बसायच्या आणि ते दात आवळून घ्यायचे. सुमनताई रोज त्या सायकलीवर येऊ लागली. पहिल्या दिवशी मी तिथेच होते. ती आत आली आणि भाऊंनी तोंड भिंतीकडे वळवलं. तिने वहिनींच्या मदतीने खाट भिंतीपासून ओढली, वळसा घालून त्या बाजूला गेली आणि वरणभात कालवायला बसली. बोटं नीट मिटत नसल्याने भात सांडत होता. प्रत्येक घासाला वेळ लागत होता. तिचा हात थेट भाऊंच्या डोळ्यांसमोर होता आणि पलीकडून वहिनींनी डोकं धरलेलं असल्याने मान फिरवायला आता जागा नव्हती.

त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. पहिल्यांदा, आणि पुष्कळ वेळ. डोळ्यांतून पाणी उशीवर जात होतं. डाव्या हाताने त्यांनी तिचं मनगट धरलं, तोंड वेडंवाकडं करत काहीतरी म्हणायचा प्रयत्न करू लागले. पहिलं अक्षर "मा" होतं, एवढं मला नीट ऐकू आलं.

"मंग बोलजो, दादा," सुमनताई म्हणाली. "पह्यले घास गिळ."

त्यांनी घास गिळला.