पायाखालची डहाळी

भावोजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीत, भाट्याच्या पुलावर होतो. सकाळचे फिरणे आटोपून परतत होतो. भाचीने फक्त "मामा" एवढेच म्हटले आणि पुढचे सगळे मला कळले. त्याला आता सहा आठवडे होतील. शांतारामभावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे, यजमान. संगमेश्वराच्या वर, सह्याद्रीच्या पायथ्याशी त्यांचे गाव. भात, नाचणी, आणि भात कापल्यावर त्याच ओलीवर कुळीथ-पावटा, असे त्यांचे साधे, मातीतले आयुष्य. त्यांच्याविषयी लिहायचे तर आधी मला स्वतःविषयी लिहावे लागणार... आणि तेच मी इतकी वर्षे टाळत आलो.

मी त्यांच्या घरी गेलो की एक गंमत ठरलेली असे. अंगणातल्या जांभळीची हातभर डहाळी मोडून ते पडवीतल्या खुर्चीपुढे टाकीत आणि म्हणत, "बस हितं. पाय ठेव तिच्यावर. मी उचलल्याबिगर उठायचं नाय." पोरे हसत. मेहुण्याची थट्टा म्हणून घरातले सोडून देत. मीही हसत असे, पण पाय त्या पानांवर ठेवताना माझी नजर कधी वर झाली नाही. मग ताई चहा आणी. माझा कप भरलेला, भावोजींचा नेहमी अर्धा. तो अर्धा कप ते चवीने संपवीत आणि मुकाट्याने दुसरा अर्धा मागून घेत.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे. मी वीस वर्षांचा होतो आणि कॉलेजच्या नाताळच्या सुट्टीत ताईकडे गेलो होतो. त्या थंडीत घाटावरून एक गवा खाली उतरू लागला होता. पहाटे येई आणि कुळथाचे अख्खे शेत तुडवून जाई. गव्याच्या शिकारीला बंदी होती. ती गावाला ठाऊक होती आणि शिकलेला म्हणून मला तर अधिकच ठाऊक होती. पण पिकाच्या राखणीसाठी भावोजींकडे परवान्याची एकनळी बंदूक होती, आणि मुंबईहून रजेवर आलेले त्यांचे चुलतभाऊ वसंतराव सर्वांना चेतवायला पुरेसे होते. "गावात बंदूकवाला असून आपण गव्याला कुळीथ वाढतोय," ते म्हणत, "आता ताटपाणी तेवढं मांडायचं ऱ्हायलंय." अखेर रान काढायचे, म्हणजे हाकारे घालून गव्याची पारध करायची, असे ठरले.

सगळे घरच निघाले. दवाने पाऊलवाटा भिजल्या होत्या. बायका तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी आणि एक भला मोठा टोप घेऊन पऱ्याच्या पाण्याकाठी थांबल्या. टोप ताईच्या डोक्यावर होता. ती म्हणाली, "रिकामा परत न्यायला लावू नका हं, मान दुखते माझी." रानाच्या तोंडाशी धोंडूतात्यांनी राखणदाराच्या दगडापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. धोंडूतात्या पारधीचे म्होरके, सत्तरीचे, करवंदीसारखे काटक. त्यांच्या रानाचा एक नियम होता. वाटा अडवून बसणाऱ्या प्रत्येकाच्या पायाखाली ते स्वतः एक डहाळी ठेवीत आणि पारध संपल्यावर स्वतःच ती उचलीत. तोवर पाय हलवायचा नाही. कोण कुठे उभा आहे हे बंदूकवाल्याने न पाहता जाणले पाहिजे, म्हणून हा रिवाज. "डहाळी सोडली त्यानं रान सोडलं," ते मला बजावून म्हणाले. "त्याला पुन्हा कोण संगती घेत नाय."

माझी जागा सगळ्यात खालची, दोन कातळांमागची होती. तिथून जनावर जाण्याचा संभवच नव्हता. पाहुण्याला सांभाळून ठेवलेली ती जागा. मला ते लागले. वरून हाकाऱ्यांचे डबे वाजू लागले, आरोळ्या जवळ येऊ लागल्या, आणि आपल्याला काहीच दिसणार नाही या विचाराने मी डहाळीवरून उतरलो. वाकून, झाडोऱ्यातून, तीस-चाळीस पावले वर गेलो. मोकळवनाच्या कडेला पोचलो आणि तो समोर आला... काळ्या कातळाचा तुकडा सुटून चालू लागावा तसा. चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, नाकपुड्यांतून वाफ. तो थांबला. त्याच्या पलीकडे, आंब्याच्या बुंध्याशी भावोजी होते आणि बंदुकीची नळी गव्यावर होती. म्हणजे माझ्यावरही होती. नळीच्या वरून भावोजींची नजर मला भिडली. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग नळी हळूहळू खाली गेली आणि गवा उतारावरून निघून गेला.

मी धावत जाऊन पुन्हा डहाळीवर उभा राहिलो. थोड्या वेळाने धोंडूतात्या आले, वाकून डहाळी उचलली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास! पावण्यानं जागा नाय सोडली." वर तोवर गदारोळ माजला होता. वीस पावलांवर आलेला गवा सुटला होता. "काय झालं रे शांताराम?" तात्यांनी विचारले. भावोजींनी बंदूक खांद्याला अडकवली आणि म्हणाले, "हात कापलं, तात्या." एवढेच.

त्या दिवशी टोपात पावटे शिजले. वसंतराव पंगतीत म्हणाले, "वाढा, वाढा, शांतारामानं मारलेला पावटा हाय. बेतानं खा, आत गोळी असंल." सगळे हसले. मी हसलो. ताई हसली नाही. संध्याकाळी घरी परतताना तिने मला मागे थांबवून विचारले, "सदा, तू तिथेच खाली होतास ना? खरंच ह्यांचे हात कापले?" मी म्हणालो, "मला काही दिसलं नाही." आयुष्यात मी पुष्कळ लहानमोठी असत्ये बोललो असेन, पण रोज सकाळी माझ्याबरोबर उठत आले ते हेच एक. भावोजींना पुढे कित्येक वर्षे गावात 'कापरे' म्हणत. त्यांनी बंदूक ठाण्यात जमा करून टाकली, तेव्हा तर लोकांना पुरावाच मिळाला. दरवर्षी कुळथाच्या रानाकडच्या चार ओळी ते राखण न करता सोडून देऊ लागले. कुणी विचारले तर म्हणत, "त्याचा वाटा हाय तो. त्यानं माझं लय राखलंय." लोक त्यावरही हसत.

शेवटची भेट त्यांच्या आजारपणातली. ते पडवीत खाटेवर होते. जांभळीपर्यंत जाण्याचे बळ नव्हते, म्हणून मीच डहाळी मोडून आणली आणि पायाखाली घेतली. "भावोजी, त्या दिवशी मी जागा सोडली होती," मी म्हणालो. एवढे बोलायला मला तीन तपे लागली. ते हसले. "मला काय सांगतोस? मी तर समोर हुतो." मग थोडा दम खाऊन म्हणाले, "तवाच बोललो असतो तर माझ्या हातनं खून घडला असता ह्या रागानं तुझ्या ताईनं एकुलत्या भावाला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. माझं काय, चार दिस हसतील म्हटलं. जरा जास्तच हसले." मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "आता तिला सांग म्हंजे झालं." मी हो म्हणालो... आणि न सांगताच रत्नागिरीला परतलो. पुढच्या खेपेला सांगू, असे म्हणत राहिलो. पुढची खेप त्यांच्या अंत्ययात्रेची होती.

तेराव्याला गोडाचे जेवण झाल्यावर पडवीत गावकरी बसले होते. आठवणी निघाल्या. वसंतराव आता पंचाहत्तरीचे. ते डोळे पुसत म्हणाले, "हात कापरा, पण मनानं लय चांगला माणूस." मी उभा राहिलो. ताईला बाहेर बोलावले आणि सर्वांसमोर सगळे सांगितले. डहाळी सोडल्याचे, नळीपुढे उभे असल्याचे, तात्यांची शाबासकी घेतल्याचे, आणि तिला दिलेल्या त्या उत्तराचे. वसंतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ताई खांबाला टेकून उभी होती. ती मला घराबाहेर काढील, याची तयारी करूनच मी आलो होतो.

"म्हणजे हात कापत नव्हते त्यांचे," ती अखेर म्हणाली. "आणि मी मेली इतकी वर्षं अर्धा कप देत आले. सांडेल, चारचौघांत हसं होईल म्हणून. एका शब्दाने बोलले नाहीत. रोज दोनदा मागून घ्यायचे!" आणि ती हसू लागली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ते हसूच होते. नवऱ्याविषयी इतक्या अभिमानाने हसताना मी तिला त्यापूर्वी पाहिले नव्हते.

मागच्या रविवारी पुन्हा गेलो होतो. ताई माझ्याशी अजून पूर्वीसारखी बोलत नाही. मी ते मागतही नाही. भावोजींच्या तसबिरीपुढे चहाचा कप होता, काठोकाठ भरलेला. मी खुर्चीत बसणार तोच ती अंगणात गेली, जांभळीची डहाळी मोडून आणली आणि माझ्या पायांपुढे टाकली. मी पाय ठेवले. ती आत गेली. चुलीवर काही फोडणीला पडल्याचा आवाज आला, कुळथाचा वास पडवीभर पसरला. मी हललो नाही. ऊन उंबऱ्यापर्यंत आले, तरी हललो नाही. मग ती पदराला हात पुसत बाहेर आली, सावकाश वाकली आणि डहाळी उचलून म्हणाली, "ऊठ आता, सदा. पिठलं निवतंय."