पक्कडबाईचं मशीन

भरतकामाच्या कारखान्यात ती अठरा वर्षं होती आणि तिथे तिला सगळे पक्कडबाई म्हणायचे. एक तर तिच्या खिशात कायम पक्कड असायची, आणि दुसरं म्हणजे एकदा धरलेलं ती सोडायची नाही. कागदोपत्री मात्र ती मदतनीस. मशीन अडलं की मेकॅनिक यायचा, चहा मागवायचा, मशीनभोवती दोन चकरा मारायचा आणि हळूच म्हणायचा, "बाई, जरा बघता का?" बाई बघायची, मशीन चालू व्हायचं, वहीत सही मेकॅनिकची व्हायची. त्या जागेसाठी तिने तीनदा अर्ज केला. तीनदा तिला गोड बोलून सांगण्यात आलं, की हे बायकांचं काम नव्हे. तो राग तिने गिळला, पण पचला कधीच नाही.

कारखाना बंद पडला आणि जुनी मशीनं भंगारात निघाली. भरतकामाच्या मशीनवर कापडाची चौकट संगणकाच्या हुकमाने मागेपुढे, डावीउजवीकडे सरकते आणि सुई टाके घालते. ही सरकण्याची कळ पक्कडबाईला तोंडपाठ होती. सुईच्या जागी लाकूड कोरणारा राउटर बसवला तर? तिने एका मशीनचे रूळ आणि मोटारी हातगाडीवर घातल्या आणि घरी आणल्या.

नवरा दारात उभा होता. तो बसचा कंडक्टर, स्वभावाने गरीब, कोणाशी वाकडं नाही.

"अगं, हे ठेवणार कुठे?"

"मागच्या खोलीत."

"आणि खोलीतलं सामान?"

"तुमच्या डोक्यावर," ती म्हणाली आणि रूळाचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

संगणकाच्या हुकमाने कोरणारं हे सीएनसी मशीन घरी करायला तिला दोन वर्षं लागली. वर्तुळ काढायला सांगितलं की मशीन अंडं काढायचं, कारण डावा रूळ जड चालायचा. तिने तो सात वेळा खोलला. शेवटी वर्तुळ वर्तुळासारखं आलं, आणि मग पानावेलींच्या जाळ्या, आरशांच्या चौकटी, दिव्यांची झाकणं, दारावरच्या पाट्या असं एकेक काम घरी चालत येऊ लागलं.

गिऱ्हाईक यायचं ते तिच्याकडे बघून विचारायचं, "साहेब आहेत का?" साहेब सुट्टीवर असले तर बाहेर यायचे. मग लाकडाची जाडी किती घ्यावी, नक्षी किती खोल असावी, हे सगळं गिऱ्हाईक त्यांना विचारायचं आणि केसांत भुसा घेऊन उभ्या असलेल्या तिच्याकडे पाणी मागायचं. नवरा मान डोलवायचा.

"तुम्ही मान का डोलवता?" तिने एकदा विचारलं.

"अगं, ते बोलतात, मी ऐकतो. मान आपोआप हलते."

"बसमध्ये फुकट्याला बघूनही हलते का?"

तो हसला. ती हसली नाही.

एक दिवस ती प्लायवूड आणायला वखारीत गेली असताना घरी वार्ताहर येऊन गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्याच पानावर मथळा होता, 'कंडक्टरची कमाल: घरीच बनवलं कोरीवकामाचं यंत्र'. शेजारी फोटो. मशीनवर हात ठेवून नवरा उभा, आणि त्याच्या डोळ्यांवर भुसा उडू नये म्हणून ती लावायची तो तिचा गॉगल.

तिने बातमी उभ्याउभ्याच वाचली.

"हे काय आहे?"

"मी असं सांगितलंच नाही."

"मग काय सांगितलं?"

"त्याने विचारलं, किती वर्षं लागली. मी म्हटलं, दोन."

"कोणी केलं, ते?"

"ते त्याने विचारलंच नाही."

तिचा आवाज चढला नाही, आणि नवऱ्याला धडकी भरली ती त्यामुळेच. "तो मेकॅनिकसुद्धा निदान 'बाई, जरा बघता का' म्हणायचा," ती म्हणाली. मग तिने गॉगल उचलला आणि त्याच्या गळ्यात अडकवला. वाचनालयात आडोशाला लावायचा सहा फळ्यांचा कोरीव लाकडी पडदा तेव्हा हातात होता. चार फळ्या झाल्या होत्या, शनिवारी सगळा द्यायचा होता. "दोन राहिल्यात. कमाल तुमची आहे, तुम्हीच करा."

त्याने बिचाऱ्याने रजा टाकली. पहिल्या दिवशी त्याने बिटची, म्हणजे कोरणाऱ्या पात्याची, उंची न लावताच मशीन सुरू केलं. लाकूड किंचाळलं आणि बिट तुटलं. दुसऱ्या दिवशी दुसरं तुटलं. तिसऱ्या दिवशी फळी घट्ट आवळायची राहिली, ती सरकली, आणि वेलीची पानं वेल सोडून भलतीकडेच निघाली. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता तिला सगळं ऐकू येत होतं. मशीन शेवटी तिचं होतं. दोनदा ती उठलीही. दोनदा परत बसली.

दुपारी तो दारात आला. "नाही जमत मला."

"मला माहीत आहे. पेपरवाल्याला माहीत नाही."

त्याने शर्ट चढवला आणि तडक पेपरच्या कचेरीत गेला. दुसऱ्या दिवशी सातव्या पानावर, निविदांच्या खाली, दोन ओळी आल्या: सदर यंत्र कंडक्टर यांच्या पत्नीने बनवलेले आहे, चुकीबद्दल दिलगीर आहोत. त्याने सुटलो बुवा अशा चेहऱ्याने पेपर तिच्यापुढे धरला.

"पत्नीला नाव नसतं का?" ती म्हणाली.

मग ती स्वतः गेली. वार्ताहराने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "बाई, दुरुस्तीची दुरुस्ती छापायची आमच्याकडे पद्धत नाही."

"चूक छापायची पद्धत मात्र आहे. तीही पहिल्या पानावर."

तो नुसता हसला. नाव काही छापलं नाही, कधीच नाही.

घरी येऊन तिने हातपाय धुतले आणि मशीन हातात घेतलं. उंची लावताना बिट आणि फळी यांच्यामध्ये कागदाचा कपटा धरायचा. कागद अडकला पाहिजे, फाटता कामा नये. डोकं तापलेलं होतं, पण कपटा फाटला नाही. बिघडलेल्या फळीच्या जागी नवी घेऊन दोन्ही फळ्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत झाल्या. शेवटच्या फळीच्या खालच्या कोपऱ्यात तिने बोटभर उंचीच्या अक्षरांत आपलं पूर्ण नाव कोरलं, आणि त्याखाली 'हिने केलं'.

शनिवारी दोघांनी पडदा वाचनालयात नेला. ग्रंथपालांनी चष्मा कपाळावर चढवून काम निरखलं, वाखाणलं, आणि मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

"हे असं चालत नाही. देणगीदाराचं नाव असतं, कारागिराचं नसतं."

"मग पडदा परत नेते."

ग्रंथपाल सगळ्यांसारखेच नवऱ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही जरा समजवा यांना."

नवऱ्याची मान सवयीने हलायला लागली होती. ती मधेच थांबली. "मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "मी उचलायला आलोय." आणि त्याने खरोखरच पडद्याचं एक टोक उचललं.

ग्रंथपालांनी घाईघाईने ते खाली ठेवायला लावलं.

पडदा तिथेच आहे. आठवडाभरात त्या कोपऱ्यापुढे झाडाची एक मोठी कुंडी आली, अक्षरं बरोबर झाकतील अशी. पक्कडबाई दर सोमवारी पुस्तक बदलायला जाते, आधी कुंडी ढकलून भिंतीला लावते आणि मग पुस्तक घेते. पुढच्या सोमवारी कुंडी पुन्हा जागेवर असते. ती पुन्हा ढकलते.