माझ्या हापिसाचा शिपाई

देऊळघाटात भरदिवसा दार लावून बसणारी बाई मी एकटीच असेन. आमच्याकडे दिवसा दार बंद म्हणजे एक तर घरात भांडण, नाहीतर घरचे गावाला गेलेले. मी आत बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. लोकांचं वॉशिंग मशीन बिघडलं की ते फोनवर आमच्यावर ओरडतात आणि आम्ही "समजू शकते, सर" म्हणतो. माझा स्वभाव मुळात तिखट. दिवसभर असं गोड बोलून संध्याकाळी मी मांजरीवरसुद्धा खेकसते.

आई गेली आणि बाबा घरात एकटे उरले. त्यांना बीपी, चालता चालता घेरी येते. म्हणून मी पुण्याची खोली सोडून आले. मग कंपनीनं सगळ्यांना परत ऑफिसात बोलावलं. आमच्या मॅडमची किती विनवणी केली, तेव्हा कुठं तीन महिन्यांची मुदत मिळाली. फोनवर घरचा आवाज आला नाही तर कायम घरून काम, आला तर पुणं नाहीतर राजीनामा.

आता आवाज येणार नाही असं घर आमच्या गावात कुठून आणायचं? दार ढकलून लोक थेट आत. "घरीच तं बसून राह्यली, एवढा पीकविम्याचा फॉर्म भरून दे ना." घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! एकदा शेजारच्या चाचीनं मी बोलत असतानाच कढीपत्त्याची जुडी टेबलावर टाकली आणि मोठ्यानं विचारलं, "बेटा, किससे लड रही?" ते रेकॉर्ड झालं. मॅडमनी ताकीद दिली, "पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही नाही."

त्या दिवशी जेवताना मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून बाबांनी माझ्या खोलीच्या दाराबाहेर, ओसरीत, स्टूल टाकलं आणि ताठ बसले. बाबा बुलडाण्याला एका सरकारी ऑफिसात शिपाई होते. तीस वर्षं ते साहेबाच्या दाराबाहेर असेच बसले होते.

"मॅडम मीटिंगमंदी हायेत," ते आल्यागेल्याला सांगायला लागले.

"कौन मॅडम?" चाचीनं विचारलं.

"माही पोरगी. काय काम हाय ते सांगून जा."

फॉर्मवाल्यांना त्यांनी दोनची वेळ दिली आणि कमाल म्हणजे लोक दोनलाच यायला लागले. मला हसू यायचं, आणि खरं सांगते, अभिमानही वाटायचा. एक दिवस म्हणाले, "टेबलावर एक घंटी ठेव, माय. चहा लागला तं वाजवत जा."

"मी काय कलेक्टर लागून गेली का, बाबा?" मी उडवून लावलं.

मुदतीच्या शेवटच्या शुक्रवारी चार वाजता मॅडमची मीटिंग होती, निकालाची. सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील, बाहेर धप्प आवाज आला. माझा माइक बंद होता म्हणून बरं. मी मनात म्हटलं, इतके दिवस दुसऱ्यांना गप्प केलं आणि आज यांनीच काय पाडलं? चिडले, पण उठले नाही. हे वाक्य लिहितानासुद्धा माझी मलाच लाज वाटते.

पाऊण तासानं मॅडम म्हणाल्या, "यू कॅन स्टे. राहा वडिलांजवळ." मी थँक्यू म्हणेपर्यंत बाहेर चाची किंचाळली, "या अल्ला, भाईजान गिर गए!" आणि पाठोपाठ बाबांचा बारीक आवाज, "हळू बोल, चाची. मीटिंग चालू हाय."

मी दार उघडलं. बाबा उताणे पडलेले, कपाळावर खोक, रक्त सुकलेलं. स्टूल शेजारी आडवं. पाऊण तास! आमच्या दोघांच्या मधे एक दार होतं. ज्यांच्यासाठी मी घरी राहिले, ते माझ्या दारात पडून होते.

दवाखान्यातून टाके घालून आणल्यावर मी त्यांच्यावर तोंड टाकलं. "आवाज काऊन नाही दिला? जीव गेला असता म्हणजे?"

"साहेब मीटिंगमंदी असल्यावर शिपायानं आत जाऊ नये," ते शांतपणे म्हणाले. "अन् तुले पुण्याले जा लागलं असतं."

सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी बुलडाण्याच्या बाजारातून पितळेची घंटी आणली. टेबलावर नाही, बाबांच्या हातात दिली. "घेरी आली, पाणी पाहिजे, काहीही असो, वाजवायची. मी येईन." त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, पुसली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. तीन आठवडे ती काही वाजली नाही. मी रोज विचारायचे, ते रोज म्हणायचे, "काम नाही पडलं."

मग एका दुपारी नाशिकच्या एका बाई फोनवर मला झापत असताना घंटी वाजली. मी हेडफोन फेकला, दार उघडलं, चौकटीला खांदा आपटला. बाबा स्टुलावर ताठ बसलेले, शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

"काय झालं?"

"काही नाही." त्यांनी घंटी खिशात टाकली. "तीस वर्षं दुसऱ्याच्या घंटीवर धावलो, माय. म्हटलं पाहू, आपल्या घंटीले कोणी येते का."