घाटातली पांढरी पाच

गाडी आमच्या गल्लीत शिरायच्या आधी तिचा आवाज शिरला. शेजारी भाईजान एका पेटीचे सूर जुळवत बसले होते. त्यांनी भाता मिटला आणि कपाळाला हात लावला. मागोमाग बहुलकर सर आले, आपल्या छोट्या टू-स्ट्रोक मोटरसायकलवर, चेहऱ्यावर शर्यत जिंकल्याचा आनंद. त्यांच्या मागून वीसेक पावलांवर बहुलकर बाई चालत आल्या. गाडीचा आवाज सुरू असेतो त्यांनी कानातली बोटं काढली नाहीत.

"सायलेन्सरमधली नळी काढून टाकली," सर म्हणाले. "धूर अडत होता. आता मोकळा जातो. आवाजावरून कळतंच आहे तुम्हाला."

"आवाज वाढलाय," मी म्हणालो. "ओढ वाढली का?"

सरांच्या आधी बाईंनी उत्तर दिलं. "कालपर्यंत मला घाटात तिसऱ्या वळणानंतर उतरवायचे. आज तिसरं वळण यायच्या आधीच उतरवलं."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कसबा पेठेतल्या वडिलांच्या दुकानाचे आम्ही दोघा भावांनी दोन भाग केले होते. अर्ध्यात भाईजान हार्मोनियम दुरुस्त करायचे, अर्ध्यात मी मोटरसायकली. माझ्या धुराने त्यांच्या पेट्या काळ्या होतात ही तक्रार रोजची होती. बाई सासवडच्या एका शाळेत गाणं शिकवायच्या, म्हणून त्यांची पेटी भाईजानांकडे यायची. सर त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांची गाडी माझ्याकडे यायची. एका फेरीत दोघांची कामं उरकत.

अडचण दिवे घाटाची होती. हडपसर सोडून सासवडच्या रस्त्याला लागलं की हा घाट येतो. शंभर सीसीचं इंजिन, वर दोन माणसं, दोन डबे आणि वह्यांचा गठ्ठा. तिसऱ्या वळणाशी गाडी मान टाकायची. मग बाई उतरायच्या, सर एकटे वर जाऊन थांबायचे आणि बाई चढ चालत जायच्या. वीस मिनिटं तिथेच जायची. शाळेची प्रार्थना बाई स्वतः पेटीवर बसून म्हणवून घ्यायच्या, आणि गेल्या महिन्यात सहा वेळा मुलं रांगेत उभी होती पण पेटीवर कुणी नव्हतं. हेडमास्तरांनी टेपरेकॉर्डर आणला होता. येत्या सोमवारी उशीर झाला, तर त्या दिवसापासून प्रार्थना कॅसेटवर.

"कॅसेटमधल्या बाईंना आमच्या मुलांचा आवाज माहीत नाही," बाई म्हणाल्या. "त्या फार वरून गातात. मुलं नुसती तोंडं हलवतील." एवढं बोलून त्या भाईजानांच्या पेट्या बघायला गेल्या. त्यांना किती लागलं होतं ते मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

मी आधी सोपे उपाय सुचवले. लवकर निघा, म्हटलं. पण घरच्या नळाचं पाणी भरून झाल्याशिवाय निघणं शक्य नव्हतं. एस.टी. शाळेची घंटा झाल्यावर पोचायची. मागचं स्प्रॉकेट मोठं बसवू, म्हटलं. साखळी ज्या दातेरी चाकावर फिरते ते मोठं केलं की चढावर गाडी नक्की ओढते. त्यावर सरांनी विचारलं, ॲव्हरेज किती पडेल. कमी पडेल, म्हटल्यावर तो विषय त्यांच्यापुरता संपला. उरला सायलेन्सर.

इथे थोडं समजावून सांगतो. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला धूर बाहेर जातो त्याच वेळी ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येत असतं. दार उघडंच असतं, त्यामुळे थोडं ताजं मिश्रणही धुराबरोबर बाहेर पळतं. सायलेन्सरचं खरं काम या पळपुट्याला परत आत ढकलण्याचं. धुराचा धक्का नळीतून पुढे जातो, टोकाशी आपटून उलटा येतो आणि ताज्या मिश्रणाला आत लोटतो. हा उलटा धक्का वेळेवर आला तर गाडीला ओढ मिळते. सरांनी आतली नळी काढून सगळ्यांनाच रस्ता मोकळा करून दिला होता. धूर तर गेलाच, पेट्रोलही गेलं.

मी ती नळी आधी परत बसवली. मग बाईंना म्हटलं, उद्यापासून जिथे उतराल तिथे कठड्यावर खडूने खूण करा, खाली तारीख टाका. माझ्याकडे गाडीची ताकद मोजायचं यंत्र नव्हतं. बाईंच्या पर्समध्ये खडू कायम असायचा.

नवा पाइप मी दोन दिवसांत केला. जुन्या बाजारात मिळालेल्या एका परदेशी मासिकात रेसिंगच्या गाडीचा नकाशा होता. दोन मोठी नरसाळी तोंडाला तोंड लावून जोडली की जसं दिसेल तसा आकार. पत्रा कापला, वळवला, गॅस वेल्डिंग केलं, शेवटाला आवाज दाबणारी नळी ठेवली. गुरुवारी संध्याकाळी हडपसरच्या रस्त्यावर एकट्याने चालवून बघितली. गाडी अशी सुटली की टोपी धरायला हात काढावा लागला. परत येऊन मी भाईजानांना तीन वेळा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा त्यांनी मला चहा आणायला पाठवलं.

शुक्रवारी संध्याकाळी दोघं आली. सर मला टाळून थेट बाकावर बसले.

"खूण कुठे?" मी विचारलं.

"दुसऱ्या वळणाच्या आधी," बाई म्हणाल्या. "आजवरची सगळ्यात खालची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारला दोन दिवस उरले होते आणि मी रेसचा पाइप बनवून बाईंना आणखी खाली उतरवलं होतं. सर म्हणाले की मुळात धूर अडतोय, त्यांचं पहिलंच म्हणणं बरोबर होतं. मी पान्हा खाली ठेवला, हातात राहू नये म्हणून.

तेवढ्यात बाईंनी भाईजानांच्या पेटीचा भाता उघडला आणि खर्जातली एक पट्टी दाबली. घुंऽऽ असा जाड आवाज निघाला. "सपाट रस्त्यावर गाडी हा सूर गाठते," त्या म्हणाल्या, "आणि मग अंगात आल्यासारखी पळते. पांढरी सात. पण घाटात ती इथवर येतच नाही." त्यांनी खालची दुसरी पट्टी दाबली. "घाटात ती इथे असते. पांढरी पाच. ती इथून खाली घसरायला लागली की मी पर्स सावरते. उतरायची वेळ झालेली असते."

पांढरी पाच म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी. भाईजान मान डोलावून म्हणाले, बाईंच्या कानावरून मी पेटी जुळवतो, पेटीवरून त्यांचा कान नाही.

नऊ वर्षं त्या मागच्या सीटवर बसून इंजिन ऐकत होत्या, आणि आम्ही दोघे शहाणे त्यांना फक्त कुठे उतरलात एवढंच विचारत होतो. टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला एकदा ठोका देतं. म्हणजे सूर कळला की फेरे कळतात. फक्त त्या सुराची कंपनं किती ते माहीत हवं.

आता सर बाकावरून उठले. शाळेच्या प्रयोगशाळेत सूर काढणारे चिमटे, म्हणजे नादकाटे असतात, त्यांचे आकडे त्यांना पाठ होते. "मधल्या सप्तकातली पांढरी पाच, सेकंदाला तीनशे चौऱ्याऐंशी कंपनं," त्यांनी माझ्या फळीवर खडूने लिहिलं. "ही पट्टी दोन सप्तकं खाली, म्हणजे शहाण्णव. गुणिले साठ. मिनिटाला पाच हजार सातशे साठ फेरे. पांढरी सात धरली तर सात हजार दोनशे."

माझी चूक फळीवर लिहिलेली होती. माझा पाइप सात हजारांच्या पुढे जागा होत होता, आणि घाटातली गाडी साडेपाच-पावणेसहा हजारांत धापा टाकत होती. उलटा धक्का लवकर येऊन निघून जात होता. तो उशिरा यायला हवा तर त्याला जास्त लांब पाठवायला हवं.

"खालचा सूर हवा तर सूर लांब करा," भाईजान म्हणाले. "यात विचार करण्यासारखं काय आहे?" पेटीतल्या पितळी जिभेलाही सूरच म्हणतात, आणि त्यांच्या धंद्यात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

हिशोब पाइप पावपट वाढवायचा आला, म्हणजे जवळजवळ दहा इंच. शनिवारी मी पाइप मधोमध कापला, दहा इंचांचा तुकडा घातला, आतून-बाहेरून वेल्डिंग घासलं. पाइपचं शेपूट मागच्या चाकाच्याही बाहेर आलं. दिसायला गाडी विनोदी झाली. सर म्हणाले, कुणी विचारलं तर काय सांगू? बाई म्हणाल्या, विज्ञान शिकवता ना, सांगा काहीतरी.

रविवारी घाटात ट्रायल घेऊ, असं मी सुचवलं. सुट्टीच्या दिवशी पेट्रोल जाळून घाटात कशाला जायचं, असं सरांचं म्हणणं पडलं. त्यामुळे पहिली परीक्षा थेट सोमवारी, शाळेच्या वेळेला.

त्या सोमवारी माझ्या हातून एकही काम धड झालं नाही. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचे ब्रेक मी दोनदा जुळवले. दुपारपासून भाईजानांनीही पेटीला हात लावला नव्हता. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला, शांत आणि जाडसर. या वेळी बाई मागे बसलेल्या होत्या.

मी फडक्याला हात पुसत पुढे गेलो. "खूण कुठे केलीत?"

बाईंनी पर्समधून खडू काढून माझ्या हातावर ठेवला.

"केली नाही," त्या म्हणाल्या. "खूण करायला उतरावं लागतं."

मी वाकून पाइपचे नट पुन्हा एकदा तपासले. घट्टच होते. प्रार्थनेच्या पाच मिनिटं आधी दोघं शाळेत पोचली होती. टेपरेकॉर्डर कवायतीच्या सरांकडे गेला, आणि तिथे तो कोणत्या सुरात वाजतो याची कुणालाच फिकीर नव्हती.

सरांनी ॲव्हरेज मोजलं. लिटरला दोन किलोमीटर कमी पडलं म्हणून ते मला बरीच वर्षं ऐकवत राहिले. पाइप मात्र त्यांनी बदलू दिला नाही.

तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये एक पद्धत आहे. गाडी ओढत नाही म्हणून कुणी आलं, की चालवणाऱ्याचं म्हणणं मी नीट ऐकून घेतो. मग त्याला चहा देतो, आणि मागे कोण बसतं ते विचारतो.