एक सोडून सगळी मोकळी

कुणाच्या कॉम्प्युटरवर अक्षरांच्या जागी चौकोन आले की आमचे पेंटर मॉनिटरच्या कडेवर दोन बोटांनी टकटक करायचे, आत कुणी राहत असल्यासारखं. मग म्हणायचे, "अक्षरं कुठं गेली न्हाईत. आत हाईत. दाराला कडी हाय."

शाहूपुरीतल्या आमच्या दुकानात लग्नपत्रिका आणि फ्लेक्स होतात. मी पत्रिका घडी करते, फ्लेक्सच्या कडांना रिंगा मारते, झाडलोट करते. ते कॉम्प्युटरवर बसायचे. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, म्हणून बाजारात सगळे यांनाही पेंटरच म्हणत. यांनी आयुष्यात ब्रश धरला नव्हता.

चौकोनांचं कारण त्यांनीच मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं. अक्षरांच्याही फायली असतात. एकाने त्या पेन ड्राइव्हवरून आणून कॉम्प्युटरमध्ये टाकल्या की कधी कधी त्या टाकणाऱ्यालाच उघडतात, दुसरा बसला की त्याला परवानगी नसते. मग त्याला नुसते चौकोन दिसतात. एकेक फाईल मोकळी करत बसलं तर दिवस जातो. म्हणून त्यांनी स्वतः खटपट करून एक लहानसा प्रोग्राम बनवला होता. एकदा दाबलं की तो सगळ्या फायलींवरून फिरायचा आणि सगळ्यांना परवानगी देऊन यायचा. त्याला ते 'कडी' म्हणायचे. आसपासच्या दुकानांतली माणसं येऊन तो घेऊन जायची.

एकदा हातकणंगल्याचा एक दुकानदार धापा टाकत आला. "पेंटर, लग्न परवा हाय आन् नवरीच्या नावाच्या जागी खिडक्या आल्यात."

"नवरी हाय न्हवं जाग्यावर?"

"हाय की."

"मग नाव बी येतंय. बसा पावणं, पाणी प्या."

नाव आलं. तो माणूस पडद्याकडे असा बघत राहिला, जणू नवरीच वाचली.

त्यांच्या वडिलांच्या पाट्या तुमच्यापैकी कुणी पाहिल्या असतील. जाड, गोल पोटाची, पायाशी जरा रुंद अक्षरं, उजवीकडे निळी सावली. दूध डेअऱ्यांवर, पिठाच्या गिरण्यांवर, टेम्पोच्या मागे. एका गिरणीवाल्याची भिंत लहान पडत होती. तो म्हणाला, अक्षरं जरा दाबून बसवा. वडील शिडीवरून उतरले आणि म्हणाले, "भिंत वाढवा. अक्षर दाबायचं न्हाई." गिरणीवाल्याने शेवटी गिरणीचं नावच छोटं केलं.

फ्लेक्स आले आणि पाट्यांची कामं थांबली. मुलगा आमच्या फ्लेक्सच्या दुकानात लागला, तेव्हा वडील काहीच बोलले नाहीत. "एक शिवी तर हासडायची हुती," ते मला म्हणाले होते. "नुसतं बघून गप बसला माझा बाप. आन् तसाच गेला."

वडील गेल्यावर ते दर रविवारी मोटरसायकल काढून उरलेल्या पाट्यांचे फोटो काढायला जायचे. गगनबावड्याला गेले तर पावसाने पाटीचा रंग पार धुऊन नेला होता, दीड अक्षर शिल्लक होतं. ते दीड अक्षरसुद्धा त्यांनी घेतलं. दुपारी डबा बाजूला ठेवून त्या फोटोंवरून ते एकेक अक्षर कॉम्प्युटरमध्ये उतरवायचे. कैक वर्षं चाललं ते. एक दिवस मला हाक मारली.

"अक्का, तुमचं नाव सांगा पूर्ण."

मी लाजत सांगितलं. त्यांनी ते वडिलांच्या अक्षरात टाइप केलं. माझं नाव एवढं रुबाबदार मी शाळेच्या हजेरीतही ऐकलं नव्हतं. वाटलं, कागदावर काढून मागावं. मागितलं नाही. त्यांनी ते पुसलं आणि कामाला लागले.

मालकांनी पाहिलं तेव्हा ते खूश झाले. "पेंटर, फ्लेक्सला वापरू की ही. लोक तुटून पडतील."

"न्हाई मालक. पुढाऱ्याचा फोटो मोठा पायजे म्हणून लोक अक्षर दाबत्यात. जागा उरली की तानत्यात. ही तेवढी ऱ्हाऊ द्या."

आणि त्यांनी ती एक फाईल स्वतःपुरतीच ठेवली. प्रोग्राममध्येही तशी एक ओळ घातली. तेव्हापासून कडी चालवली की शेवटी पडद्यावर यायचं, 'एक सोडून सगळी मोकळी'. सगळ्या बाजाराची दारं उघडणाऱ्या माणसाने हे एवढं एक दार लावून घेतलं होतं.

गेल्या वर्षी छातीत दुखायचं निमित्त झालं आणि ते गेले. दुसऱ्याच दिवशी वहिनी, त्यांची बायको, दुकानात आल्या. श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचा होता.

"मामंजींच्या अक्षरात नाव घाला ह्यांचं," त्या म्हणाल्या. "दुसरं काय मागत न्हाई मी."

मालक स्वतः बसले. नाव टाइप केलं, चौकोन आले. कडी चालवली. एक सोडून सगळी मोकळी. पुन्हा चालवली, पुन्हा तेच. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने प्रोग्राम उघडून पाहिला, ती ओळ शोधली आणि काढून टाकली. "एवढंच हुतं," तो म्हणाला.

नाव आलं. त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांच्या हातचं. वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. त्या फ्लेक्सला रिंगा मीच मारल्या.

ती ओळ परत घालायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. बाहेरची माणसं पेन ड्राइव्ह घेऊन येत राहिली, अक्षरं आणि कडी नेत राहिली. पूर्वी ही फाईल चुकून कुणाकडे गेली असती तरी उघडली नसती. आता त्यांचीच कडी प्रत्येक दुकानात जाऊन ती सगळ्यांना मोकळी करून देत होती. मालक एकदा बोलले, "काढायला नको हुती ती ओळ." मग थोड्या वेळाने स्वतःलाच म्हणाले, "पण त्या माऊलीला न्हाई कसं म्हणायचं?"  

परवा मी आणि वहिनी बाजारातून येत होतो. रिक्षा स्टॉपजवळच्या कठड्याला कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला होता. अक्षरं तीच होती. शुभेच्छा दोन्ही बाजूंना ओढून ताणलेल्या, आणि खाली मित्रमंडळाची नावं दाबून पार चपटी केलेली. वहिनींनी पाहू नये म्हणून मी पुढे चालू लागले, पण त्या थांबल्या.

"मामंजींची हाईत," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"ह्यांना बघवलं नसतं."

 फ्लेक्सची खालची दोरी सुटली होती आणि तो कोपरा वाऱ्याने दुमडून नावांवर येत होता. वहिनींनी पिशवी माझ्या हातात दिली, कोपरा तळहाताने सरळ केला आणि दोरी कठड्याला घट्ट बांधली.