गिरणीतली गॅलरी

एका जागी बारा वर्षं काम केलं की किस्से साठतातच. कशेळ्याजवळची बंद पडलेली भातगिरणी मॅडमनी चित्रांच्या गॅलरीसाठी घेतली, तेव्हा तिथला मशीनवाला मी त्यांच्याकडेच राहिलो. आज तिथे देशोदेशीच्या आर्टिस्टची कामं लागतात.

पहिला पाहुणा टेंपोत पोती घेऊन आला. मॅडमनी त्या आजोबांना चहा दिला, सगळी चित्रं दाखवली. आजोबांनी शांतपणे पाहिली आणि मला म्हणाले, "चांगलं हाय रं. पन भात कदी भरडनार?"

नेरळकडून येणारे लोक आधी फक्त टॉयलेटसाठी थांबत. वहीत एका बाईंनी अभिप्राय लिहिला, "टॉयलेट अतिशय स्वच्छ." मॅडम हिरमुसल्या. वर्षभराने त्याच बाईंनी लिहिलं, "या वेळी चित्रंही पाहिली." मॅडमनी पेढे वाटले.

मग पोर्तुगालहून दगडी शिल्पाची पेटी आली. गावातल्या दहा जणांनी ती बांबूवर उतरवली. उघडून पाहतो तर दगडाचे दोन तुकडे. पेटीबरोबर आलेला शिल्पकार वाकून बघत म्हणाला, "दोनच ना? मग ठीक. मी दोनच पाठवले होते."

पण खरी परीक्षा जपानी बाईंच्या वेळी झाली. त्यांचं काम म्हणजे पेंढ्याचा लांबलचक दोर. प्रवासात तो मधेच तुटला, आणि बाई दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. आता परदेशातून कोणी काही पाठवणार नाही, असं म्हणून मॅडम खालीच बसल्या. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या कमळकाकूंनी मात्र कोणाला न विचारता घरून पेंढा आणला आणि दोर वळून जोडून टाकला.

दुसऱ्या दिवशी बाई दोरावरून हात फिरवत चालल्या. जोडाशी थांबल्या.

"हे कोणी केलं?" जोडाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं.

"मी," काकू म्हणाल्या. "तुटलं व्हतं."

बाई तिथेच मांडी घालून बसल्या आणि खुणेनेच म्हणाल्या, मला शिकवा. आमचा जीव भांड्यात पडला. त्या कामाखाली आता दोन नावं आहेत.

पुढे जपानच्या प्रदर्शनाला काकूंनाही बोलावणं आलं. व्हिसाच्या ऑफिसात त्या एकट्याच आत गेल्या. आम्ही बाहेर थांबलो. त्या हसत बाहेर आल्या.

"कशाला जाताय विचारलं असेल ना? काय सांगितलंत?" मॅडमनी विचारलं.

"खरं तेच. म्हटलं, तिकडं दोर परत तुटला तर जोडाया कोन हाय त्यांच्याकडं?"